आधी काम, मग आत्मविश्वास
आत्मविश्वास आला की सुरुवात करीन, असे तुम्ही म्हणता. माझ्या अनुभवाने सांगतो, क्रम नेमका उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्व-क्षमतेच्या, म्हणजे ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाच्या, सिद्धान्तात, काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव हा या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार मानला आहे. इतरांची शाबासकी त्यामानाने दुबळी ठरते. म्हणून पहिले काम संध्याकाळपर्यंत हातावेगळे होईल इतके लहान ठेवा. पहिल्यांदा सभेत बोलताना माझ्या हातातला कागद थरथरत होता. मी जेमतेम चार वाक्ये बोललो, पण ती पूर्ण केली, आणि पुढच्या खेपेला त्यांच्याच बळावर उभा राहिलो. चुकलात तर ‘मला जमत नाही’ असे म्हणण्याऐवजी नेमके कुठे अडले ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भागाचा सराव करा.