'फर्स्टहँड एक्स्पीरियन्स' म्हणजे पहिला अनुभव का?

नाही. पण तुम्ही एकटे नाही, हीच चूक मीही केलीय. भाषांतर शिकत असताना पुराच्या एका बातमीतल्या 'फर्स्टहँड अकाउंट'चं मी 'पुराची पहिली हकिगत' करून ठेवलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं: "मग दुसरी कुठे आहे?"

यातला 'फर्स्ट' वेळेचा नाही, हातांचा आहे. माहिती जिथे उगम पावली तिथून निघून थेट तुमच्या हाती आली, मध्ये कुणी नाही, म्हणून फर्स्टहँड. एखादी गोष्ट तुम्ही दहाव्यांदा भोगत असाल तरी तो अनुभव फर्स्टहँडच. मित्राकडून कळलं, की ते सेकंडहँड. आपला घोळ इथेच होतो. सेकंडहँड म्हटलं की आपल्याला वापरलेली गाडी आठवते, पण इंग्रजीत माहितीही सेकंडहँड असते. उलट नव्याकोऱ्या गाडीला मात्र सहसा कुणी फर्स्टहँड म्हणत नाही.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'प्रत्यक्ष'. प्रति अधिक अक्ष, म्हणजे इंद्रियांसमोर असलेलं. न्याय या प्राचीन भारतीय दर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फर्स्टहँड पहिल्यात बसतं. विश्वासू माणसानं सांगितलेलं चौथ्यात. ज्याचा सांगणाराही धड सापडत नाही, त्याला आपण ऐकीव किंवा सांगोवांगी म्हणून मोकळे होतो.

वापर सोपा आहे. नामाआधी येतो (फर्स्टहँड नॉलेज) आणि क्रियापदानंतरही: 'आय सॉ इट फर्स्टहँड'. या दुसऱ्या वाक्याचं मराठी करताना 'प्रत्यक्ष अनुभव' वगैरे ओढून आणू नका, 'मी ते स्वतः पाहिलं' पुरतं. ब्रिटिश लेखनात मध्ये जोडरेघ दिसते, किंवा 'ॲट फर्स्ट हँड' असं सुटं लिहिलेलं.

आणखी एक जुळा भाऊ आहे, 'हँड्स-ऑन'. ऑपरेशन चालू असताना शेजारी उभं राहून बघणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची फर्स्टहँड माहिती असते. हँड्स-ऑन अनुभव सर्जनचा, कारण हात त्याचे चालले. नोकरीच्या अर्जात या दोघांची अदलाबदल करू नका. मुलाखतीत लगेच विचारतात, "बरं, यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?"