स्वतःशी निश्चय केल्याने सवय खरंच टिकते का, की २१ दिवस केलं की आपोआप लागते?

२१ दिवसांचं आधी मिटवून टाकू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजचं एक साधं काम निवडायला लावलं होतं. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात काम अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस हुकला म्हणून फारसं बिघडलंही नाही.

तुम्ही लिहिलंय की पहाटे उठायचं तीनदा ठरवलं, दर वेळी व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं आणि तीनदा मोडलं. त्या स्टेटसमुळेच मी उत्तर लिहायला बसलो.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. दादाचं म्हणणं, सवय चारचौघांच्या धाकानं लागते. पुरावा म्हणून तो तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सांगतो. घंटा झाली की गाव जमायचं, हे खरं. पण आता सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत येऊन बघा. पाच-सहा म्हातारे येतात, आणि ते कोणाच्या धाकानं येत नाहीत. त्यांनी तुकडोजी महाराजांना मनातल्या मनात शब्द दिलेला आहे. बाकीचे आले ते गर्दी होती म्हणून, आणि गर्दीबरोबरच गेले.

माझी सवय शेतखर्चाची वही लिहायची. दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधे तूर. वाटणी झाली त्या वर्षी पाडव्याला, सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या गड्याचा हिशोब करतानाच, पहिल्या पानावर लिहिलं की बैलांना कुटार (भुसा) टाकलं की वही, आणि वहीशिवाय जेवायला बसायचं नाही. बायको सोडून कोणाला सांगितलं नाही. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हेच मांडलं होतं, की नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. मला ते नाव फार नंतर कळलं. बैल मात्र पहिल्यापासून वेळेचे पक्के, कुटाराला उशीर झाला की गोठा डोक्यावर घेतात.

बरेच दिवस लिहायला काहीच नसतं. तरी वही उघडतो आणि 'आज काही नाही' एवढं लिहितो. एकदा आर्णीला लग्नाला गेलो होतो, बैलांचं बायकोनं केलं, मी अर्ध्या रात्री आलो आणि तेवढं लिहून झोपलो. ती म्हणे, "काही नाही हे लिवाची काय गरज हाय?" गरज आहे. हिशोब नंतर, आधी वही उघडायची सवय. लोक पहिल्याच दिवशी तासाभराचं व्रत घेतात, मग पाहुणे आले की ते मोडतं.

दादा पारावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वही लिवून कापूस पिकते का बे?" नाही पिकत. पण २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झाला तेव्हा तो बोटावर नफा मोजत होता, आणि माझ्या वहीत मागच्या सालचा वेचाई आणि फवारणी दोन्हीचा खर्च होता. भाव दिल्लीत ठरतो, तो आपल्या हातात नाही. म्हणून मी तुरीची ओळ वाढवली. मग सामाईक विहिरीच्या मोटरवरून भांडण झालं. जळालेली मोटर कोणी दुरुस्त करून आणली, तर वहीत तारखेसकट माझं नाव. यावर दादाचं उत्तर, "आमच्यावर पाळत ठेवाले लिवतं तू हे." एकदा वहीनं पाइपाच्या बाबतीत त्याच्या बाजूनं कौल दिला, त्या दिवशी मात्र ती त्याला खरी वाटली.

तेव्हा तुमच्यासाठी एवढंच, की स्टेटस काढून टाका. पहाटेचा अलार्म ठरवण्याऐवजी रात्रीचं एक ठरलेलं काम धरा, ते झालं की लगेच अंथरूण. आणि शब्द द्यायचाच तर ज्याच्यासमोर खोटं बोलायला जड जाईल अशा एकाच माणसाला द्या. शंभर लाइकवाल्यांपैकी तुम्ही उठलात का हे विचारायला कोणी येत नाही.

हे नवी सवय लावायचं झालं. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडायचा असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका. तिथं तंबाखूतलं निकोटिन असतं, ते तुटलं की पहिले काही दिवस माणूस हैराण होतो, डॉक्टरची मदत घ्यावी. तोंड कमी उघडायला लागलं असेल तर आजच दाखवा, सुपारीनं तसं होतं. आणि हो, व्यसनाच्या बाबतीत चारचौघांची सोबत उपयोगी पडते, एवढं दादाचं मी मान्य करतो.

दादा, वाचत असशील तर मोटरच्या स्टार्टरचे अर्धे पैसे बाकी आहेत. पान दाखवतो, ये.