मालाच्या कामाला निघण्यापूर्वी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. आकडेमोडीत तुझं मन लागत नाही, पण वस्तूला हात लागला की तिचा भार कुठे कललाय हे तुला आपसूक कळतं, असं तू लिहिलंस. माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात ही फार मोलाची गोष्ट आहे. नुसत्या नजरेने गाडी कशी भरायची ते सांगणारे मुकादम मी वास्कोत पाहिलेत.

मात्र काम निवडून घे. दिवसभर एकसारख्या गोण्याच वाहायच्या असतील तर तिथे तुझ्या अंदाजाला वाव नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीत ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जा. पिंपं, खोकी, यंत्रांचे सुटे भाग, दर गाडीला निराळाच माल. जड तळाला, हलकं वर, शेवटी उतरायचं ते सगळ्यात आत. पेटी उचलण्याआधी तिचा एक कोपरा तळहाताने जरासा वर कर. आतलं वजन कुठल्या बाजूला आहे ते तिथेच समजतं. बाकीचे धडाधड उचलत असले तरी तू एवढं थांबच.

आता जिथे अंदाज दगा देतो ते सांगतो. पहिली कंबर. सिमेंटची गोणी 50 किलोची. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या 1991 च्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही एकट्याने उचलायची मर्यादा 23 किलो आहे. या वयात शरीर कुरकुर करत नाही, म्हणून त्याचं ऐकू नकोस. जोडीदार घे, आणि ओझं हातात असताना कंबरेतून वळू नकोस, पाय वळव.

दुसरी बंद जागा, आणि तिचीच मला जास्त काळजी आहे. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. जहाजाच्या बंद होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळकोठारात, कोळसा किंवा लोखंडी भंगार असलं की ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं. ना वास, ना घुसमट. माणूस शिडीवरच शुद्ध हरपतो. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. मीटर लावून तपासल्याशिवाय, कुणी कितीही घाई केली तरी, खाली पाय टाकायचा नाही. तुझ्यासारख्या मुलाचं मन अशा वेळी खाली पडलेल्याला वर काढायला धाव घेईल. धावू नकोस. असे धावलेलेही तिथेच राहतात. आरडाओरडा कर, श्वसनयंत्र लावलेली माणसंच उतरू देत.

रोजंदारीवर लागलास तरी ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, काढून ठेव. हमालांसाठीच्या माथाडी मंडळाची सोय महाराष्ट्राच्या 1969 च्या कायद्याने झाली, ती इथे गोव्यात आपोआप मिळत नाही. म्हणून प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का, ते पहिल्याच दिवशी विचार. विचारायला लाजू नकोस. पुढे फोर्कलिफ्टचं लायसन्स काढायचं मनात असेल तर कळव, कुणाकडे शिकायचं ते सांगेन.