‘अलाऊ’चं बटण दबत नाही

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमच्या खंजिरी भजन मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. नागपूरहून 2011 चा जुना आयमॅक आणला, त्यात हाय सिएरा ही मॅकची जुनी सिस्टीम आहे. माइकचा आवाज मॅकमध्ये घ्यायला दोन माइकचं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतलं. ते चालवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर टाकला तर ‘सिस्टीम एक्स्टेन्शन ब्लॉक्ड’ अशी पाटी आली, अन् तेवढ्यात लाईन गेली. दुपारी लाईन आली तर ‘अलाऊ’चं बटणच गायब. पुण्याच्या पुतण्यानं सगळं पुन्हा करायला लावलं अन् तिकडूनच माझा स्क्रीन चालवला. त्याला बटण दिसलं, पण दाबून दबेना. एका व्हिडिओत मॅकची सुरक्षा बंद करायला सांगितली आहे. करू का? मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाआधी भजनं पूर्ण करायची आहेत.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, सुरक्षा बंद करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मॅक बिघडलेला वाटत नाही. तो परवानगी मागतोय, आणि ती समोर बसलेल्या माणसानंच द्यावी असा त्याचा हट्ट आहे.

पुतण्याचं आधी सांगतो, खरी गोम तिथंच आहे. हे बटण दुरून केलेला क्लिक मुद्दाम मोजत नाही. माउसच्या बटणांची कामं बदलणारं सॉफ्टवेअर किंवा चित्रं काढायचा टॅबलेट असेल तर त्याचाही क्लिक कधी कधी वाया जातो. कारण असा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात शिरतो. एखाद्या घातक प्रोग्रामनं स्वतःच ‘अलाऊ’ दाबलं तर मग मालकाच्या हाती काय उरलं? ही भीती पोकळ नाही. 2018 मध्ये पॅट्रिक वॉर्डल या संशोधकानं हाय सिएरावर नकली क्लिकनं हे बटण दाबून दाखवलं होतं. तेव्हा साधा वायरचा माउस लावा आणि स्वतः दाबा. पुतण्याला फोनवर राहू द्या, स्क्रीनवर नको.

आता बटण गायब का झालं ते. पाटी आल्यापासून ते फक्त 30 मिनिटं राहतं. तुमची लाईन त्याहून जास्त वेळ गेली, एवढंच. इंटरफेस जोडून ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पुन्हा चालवा. पाटी दुसऱ्यांदा येईलच असं नाही, तिची वाट बघत बसू नका. लगेच सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी उघडा आणि ‘जनरल’वर या. खाली डाव्या कोपऱ्यातलं कुलूप पासवर्ड देऊन उघडा. अमुक डेव्हलपरचं सॉफ्टवेअर अडवलं आहे अशी ओळ दिसेल. ते नाव तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचंच आहे ना, हे नीट वाचा, कारण एकदा हो म्हटलं की त्या डेव्हलपरच्या बाकी एक्स्टेन्शन्सनाही, म्हणजे गाभ्यात शिरणाऱ्या अशाच इतर प्रोग्रामांनाही, वाट मोकळी होते. मग ‘अलाऊ’, आणि मॅक रीस्टार्ट. लाईनचा भरवसा नसेल तर हे काम इन्व्हर्टरवर करा.

व्हिडिओतला उपाय मला अजिबात पटत नाही. एका ड्रायव्हरसाठी सिस्टीमच्या फायलींचं सगळं संरक्षण काढायचं, तेही हाय सिएरावर, जिला ॲपलचे सुरक्षा अपडेट येणं केव्हाच थांबलंय! या परवानगीसाठी ते काढायची गरजच नसते.

आणखी एक. तुमच्या इंटरफेसला ड्रायव्हर लागतो का, हेच आधी बघा. बरीच यूएसबी इंटरफेस मॅकवर ड्रायव्हरशिवाय चालतात. युटिलिटीजमधलं ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडा. डावीकडे इंटरफेसचं नाव असेल आणि इनपुट दोन दिसत असतील, तर माइक लावून खंजिरी वाजवून रेकॉर्ड करून बघा. आवाज आला तर ड्रायव्हरचा नाद सोडा. परवानगी देऊनही नाव येत नसेल, तर कंपनीच्या साइटवर हाय सिएरासाठीचा जुना ड्रायव्हर शोधा. नवे ड्रायव्हर पुष्कळदा इतकी जुनी सिस्टीम धरत नाहीत. तरी नाहीच जमलं तर इंटरफेसचा मॉडेल नंबर लिहून पाठवा.