काचबिंदूच्या ऑपरेशननंतर त्रास राहिला, आता पुन्हा डोळ्याला हात लावू द्यायचा का?

"ऑपरेशन केलं ते नजर वाचावी म्हणून, आणि झालं उलटंच. आता डॉक्टर पुन्हा काहीतरी करायचं म्हणतात. करावं, की आहे त्यात भागवावं?" मी समुपदेशक आहे. काचबिंदूचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. पुण्यातल्याच एका काकांबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका पासष्टीचे. नारायण पेठेतल्या छापखान्यांची मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजव्यात जास्त. तीन प्रकारचे थेंब घालूनही उजव्या डोळ्याचं प्रेशर, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब, उतरेना. म्हणून ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे आतलं पाणी जिरायला नवी वाट करून द्यायची शस्त्रक्रिया, झाली. सुरुवातीला प्रेशर ४ पर्यंत खाली गेलं आणि सगळं धूसर, वेडंवाकडं दिसू लागलं. ते कसंबसं सावरतंय तोवर काही महिन्यांत प्रेशर चढत चढत २४ वर पोचलं. डॉक्टरांनी नीडलिंग, म्हणजे बुजलेली वाट सुईने मोकळी करणं, सुचवलं होतं. तेवढ्याने भागलं नाही, तर पाणी बाहेर काढणारी नळी बसवायची.

"मॅडम, मी वाचत वाचत ऑपरेशनला गेलो होतो. माझा डोळा घालवला त्यांनी." बसल्या बसल्या काकांचं पहिलं वाक्य हे. मुलगी म्हणाली, "बाबा, झालं ते झालं. आता पुढचं बोलू या ना." ऑपरेशनसाठी आग्रह तिनेच धरला होता, त्यामुळे तो विषय निघाला की तिचा जीव कासावीस व्हायचा. मी तिला थांबवलं. मागचं मनातून निघाल्याशिवाय पुढचं कानात शिरत नाही. पहिली भेट आम्ही फक्त काकांच्या रागाला दिली.

त्या बोलण्यातच एक गोष्ट बाहेर आली. डाव्या डोळ्याचे थेंब त्यांनी बंद केले होते. "एकाचं वाटोळं झालंच आहे, दुसऱ्याला तरी औषधांपासून वाचवतो," म्हणाले. मुलीला याचा पत्ताच नव्हता. डावा डोळा म्हणजे त्यांचा वाचायचा डोळा. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. थेंब बंद करूनही वरकरणी काही बिघडल्यासारखं वाटत नाही आणि आत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत राहते. मुलीने माझ्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि थेंब पुन्हा सुरू झाले. उजव्या डोळ्याचा निर्णय चार दिवस थांबू शकत होता, ही गोष्ट थांबण्यासारखी नव्हती. ऑपरेशनचा राग दुसऱ्या डोळ्यावर निघताना मी बऱ्याच जणांत पाहते, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाला विचारतेच.

या ऑपरेशनबद्दल एक गैरसमज अगदी घट्ट बसलेला आहे. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, तसंच काचबिंदूचं असेल असं लोक धरून चालतात. काचबिंदूत नसेचं झालेलं नुकसान भरून येत नाही. उरलेली नजर टिकावी म्हणून प्रेशर उतरवायचं, एवढंच ऑपरेशनचं काम. ट्रॅबेक्युलेक्टमी १९६८ पासून होत आली आहे. तीत वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक वाट करून आतलं पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली जिरू देतात. तिथे जो फुगवटा येतो त्याला ब्लेब म्हणतात. पाणी जास्त झिरपलं तर प्रेशर फार खाली जातं. उलट, टोचलेल्या कानात काही घातलं नाही तर भोक बुजतं, तशी शरीर ही वाटही बुजवायला बघतं. काकांना आधी एक भोगावं लागलं, मग दुसरं. दोन्ही या ऑपरेशनचे माहीत असलेले धोके आहेत. म्हणून लगेच कोणाची चूक ठरत नाही. तरीही शंका असेल तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, फील्ड टेस्टचे (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) आणि ओसीटीचे (नसेची जाडी दाखवणारं स्कॅन) जुने रिपोर्ट मागून घ्यावेत आणि दुसऱ्या काचबिंदूतज्ज्ञाला दाखवावेत. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दुसऱ्या भेटीत काकांना वहीची दोन पानं करायला सांगितली. एका पानावर झालेल्या ऑपरेशनबद्दलची तक्रार, दुसऱ्यावर फक्त पुढचा निर्णय. लिहिताना ते वहीत एका ओळीखाली पोस्टकार्ड धरून सरकवत होते. तसं धरलं नाही तर उजव्या डोळ्याला ओळीच्या सुरुवातीची अक्षरं सापडत नाहीत आणि नजर भलत्याच ओळीवर उतरते. मुलगी ते बघत बसली. घरी तिने हे कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या पानावर उतरलेले प्रश्न असे होते: या डोळ्याचं प्रेशर कितीवर आणायचंय? वर्षभर काहीच केलं नाही तर काय गमवावं लागेल? आत्ताचा धूसरपणा किती नसेमुळे आणि किती दुसऱ्या कशामुळे? नीडलिंगनंतर किती वेळा यावं लागेल?

तिसऱ्या प्रश्नाने चित्र बदललं. डॉक्टर म्हणाले, धूसरपणाचा बराचसा भाग वाढलेल्या मोतीबिंदूचा आहे. ट्रॅबेक्युलेक्टमीनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. सगळा डोळा गेला असं धरून बसलेला माणूस त्या दिवशी जरा सरळ बसला. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन घाईने केलं तर ब्लेब बंद पडण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आधी प्रेशर स्थिर व्हायला हवं, हेही तिथेच कळलं.

पर्याय त्यांनी नीट समजून घेतले. नीडलिंगमध्ये बारीक सुईने बुजलेली जागा मोकळी करतात आणि व्रण धरू नये म्हणून औषध टोचतात. कधीकधी ते पुन्हा करावं लागतं. नळीसाठी अहमद वाल्व नावाचं उपकरण असतं, मदुराईच्या ऑरोलॅबचं स्वस्तातलं इम्प्लांटही मिळतं. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा किंवा दुहेरी दिसणं असे तिचे वेगळे धोके आहेत. आत पाणी कमी तयार व्हावं म्हणून लेसरही करता येतो. यातलं काय करावं हे समुपदेशकाने सांगायचं नसतं. मी इतकंच बघते की माणूस भीतीने "नको" म्हणत नाही ना, आणि घरच्यांना कंटाळून "करून टाका" म्हणत नाही ना.

काकांनी नीडलिंगला होकार दिला. मुलगी नळीकडे झुकली होती, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. काका तिला म्हणाले, "तू काळजीने बोलतेस, कळतं मला. पण या वेळी मला ठरवू दे." ती रडली आणि मग मानलं तिने.

ब्लेब असलेला डोळा लाल झाला, दुखला, चिपडं आली किंवा एकदम धूसर झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, मग ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत. तिथून जंतुसंसर्ग आत शिरला तर नजर झपाट्याने जाऊ शकते. काकांच्या घरी हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय, खाली डॉक्टरांचा नंबर.

नीडलिंगनंतर सध्या एकाच प्रकारच्या थेंबावर उजव्या डोळ्याचं प्रेशर १४ आहे. मोतीबिंदूचं डॉक्टर काही महिन्यांनी ठरवतील. नळीचा विषय मिटलेला नाही, पुढे येऊ शकतो, आणि त्यासाठीचे प्रश्न काकांनी आत्ताच वहीत काढून ठेवलेत. आई-वडिलांना काचबिंदू असेल तर मुलांना धोका जास्त असतो, म्हणून मुलीलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. तिचं प्रेशर ठीक निघालं, पण नसेबद्दल डॉक्टरांना किंचित शंका वाटली. आता दर वर्षी तीही फील्ड टेस्ट करणार आहे.