काशाच्या वाटीने तळपाय घासायचे, पण कसे?

दिवसभर उभ्याने काम करून पाय भरून येत असतील, तर रात्री झोपण्याआधी काशाची वाटी वापरून बघा. वाटी घेताना ती खरंच काशाची आहे ना, हे विचारून घ्या. कासं म्हणजे तांबं आणि कथील. पितळेत जस्त असतं. काठ आणि बूड गुळगुळीत हवं, नाहीतर कातडी ओरखडते.

आधी कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा, नीट पुसा. मग एका पायाला अर्धा चमचा साजूक तूप किंवा खोबरेल पुरे. जास्त घेतलंत की वाटी नुसती घसरते, कमी पडलं तर आग होते. वाटीच्या बुडाने टाचेपासून चवड्यापर्यंत लांब हात फिरवा, मग खोलगट भागात गोल गोल. दाब मध्यम ठेवा. दुखलं म्हणजे जास्त गुण आला असं नसतं. एका पायाला आठ-दहा मिनिटं.

थोड्या वेळाने तूप काळपट होतं. 'अंगातली उष्णता निघाली' असं घरोघरी सांगतात, पण तो रंग बहुतेक धातूचाच, घासून आणि तुपाशी संयोग होऊन आलेला. काळं झालं नाही तरी आराम मिळतोच, तेवढ्यासाठी रगडत बसू नका.

नंतर पाय बेसन लावून धुवा. तेलकट पायांनी फरशीवर चालू नका, हमखास घसराल.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील, जखम असेल किंवा एकाच पोटरीला सूज असेल, तर हे करू नका; आधी डॉक्टरांना दाखवा.