नंबर लागत नाही, काय करू?

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे, साखर आणि बीपी दोन्ही. आमच्या डॉक्टरांकडे सकाळी आठला फोनवर नंबर लावतात. फोन लागतो तेव्हा नंबर संपलेले असतात. आयुष्मान कार्ड आहे, ते दवाखान्यात चालेल का?
— एक सूनबाई, रामबाग, इंदूर

उत्तर : कार्डाचं आधी सांगते. सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरचं. दवाखान्याची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

आता नंबर. फोनशी झुंजत बसू नका. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर कंपाउंडरदादांना जाऊन भेटा, ‘आजोबांना बसवत नाही हो’ म्हणा आणि मोकळा वार विचारा. फोनवर चिडणारा माणूस समोर बरा वागतो, असा माझा अनुभव आहे. (पोहे-जिलबीची पुडी नेलीत तर मी पाहिलं नाही.)

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर महिन्याला जायलाच हवं का, हे डॉक्टरांना विचारा. बीपी, साखर आटोक्यात असेल तर पुष्कळदा ते जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. घरचे बीपीचे आकडे तारखेसह वहीत लिहून न्या. एचबीए१सी तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही; ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. अधूनमधून ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला-सेवेवर तिथल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.

मात्र छातीत दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर नंबरची वाट न पाहता १०८ लावा.